यूएसए स्ट्रॅटच घ्यायची ठरलंय, पण नवी परफॉर्मर की जुनी प्रोफेशनल? बजेट दीड लाख

सातरस्ता_सहातारा

नमस्कार मंडळी. इथलं दोनेक वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. विषय स्ट्रॅटचा, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारीचा. पोस्ट लांबणार आहे, आधीच सॉरी.

मी सोलापूरचा. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो आणि लग्नसराईत, गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. आमच्याकडचा ऑर्केस्ट्रा म्हणजे एका रात्रीत हिंदी, मराठी, तेलुगू, कन्नड सगळं आलं, वरातीला दणका पाहिजे आणि पंगत बसली की हळू गाणी, आणि हे सगळं एकाच गिटारीतून काढायचं कारण स्टेजवर दुसरी ठेवायला जागाच नसते, कीबोर्डवाल्याचे दोन स्टँड आणि ढोलकीवाल्याचा पसारा मांडून झाला की मी कोपऱ्यात स्पीकरला चिकटून उभा. नऊ वर्षं इंडोनेशियाची स्क्वायर, म्हणजे फेंडरचीच स्वस्तातली, वाजवतोय. तिनं काही कमी केलं नाही, पण पहिले पाच फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, पार खड्डे पडून गेलेत आणि आता एकदाच काय ती चांगली घ्यायची असं डोक्यात बसलंय.

भिशी लागलीय, थोडे साठवलेले आहेत, मिळून दीड लाख. फार ताणलं तर एक साठ. बायकोची अट एकच, एकदा घ्यायची तर मनासारखी घे पण दोन वर्षांनी परत "ही नको ती" चालणार नाही.

महिनाभर रोज रात्री व्हिडिओ बघून बघून डोकं आउट झालंय. जे कळलं ते असं:

एक, अमेरिकन परफॉर्मर, एचएसएस, म्हणजे तीन पिकअपपैकी (तारांचा आवाज उचलणारे चुंबक) एक हंबकर आणि दोन सिंगल कॉइल. नवीकोरी, पुण्यातल्या दुकानात दीडच्या आसपास सांगतायत, थोडं खालीवर होईल म्हणे. दोन, अमेरिकन प्रोफेशनल, दुसऱ्या आवृत्तीची नाही हं, ती नवी दोनच्या पुढं जाते, तिचा विचारच सोडला. ही २०१७ सालची पहिली आवृत्ती, तीन सिंगल कॉइल, कोथरूडमधले एक काका विकतायत, सव्वा लाख सांगितलेत. फोटोत तर नवरीसारखी दिसतेय.

दोन्ही कॅलिफोर्नियात कोरोना गावातल्या एकाच फॅक्टरीच्या. दोन्हीला अल्डरची बॉडी, साडेपंचवीस इंच स्केल (तारेची लांबी), साडेनऊची रेडियस (बोटं ठेवायच्या बोर्डाची गोलाई), बावीस फ्रेट. मग फरक नक्की कशाचा आणि तो माझ्यासारख्याला कळणार आहे का? सोलापुरात हातात घेऊन बघायला दोन्हीपैकी एकही नाही. ज्यांनी दोन्ही वाजवल्यात त्यांनी सांगा. अँप माझ्याकडं दहा वॉटचा प्रॅक्टिसवाला आहे, कार्यक्रमात प्रोसेसरमधून थेट मिक्सरला जातो.

कडक_भाकरी

काय बे, दीड लाखाची गिटार घेऊन वरातीत वाजवलालास, वर बघ तरी कोण काय उधळलालंय ते 😄

मस्करी सोड. मी सांगतो ते आवडणार नाही तुला. फेंडरचीच, मेक्सिकोत बनणारी प्लेअर टू घे. २०२४ मध्ये आलीय, रोजवूडचा बोर्ड परत दिलाय, कडा गोल केल्यात. एन्सेनाडातली फॅक्टरी १९८७ पासूनची आहे, ती माणसं काय काल शिकलीत का. उरलेल्या पैशात चांगला अँप घे. समोर बसलेल्याला शेंगाचटणी सोलापूरची का बार्शीची ते कळतं बे, गिटार कुठल्या देशाची ते नाही कळत.

सातरस्ता_सहातारा

तुझं पटतं रे, खरंच पटतं, पण मित्राची मेक्सिकन गिटार दोन महिने वापरून झालीय. वाईट नाहीच. पण मनात जी गोष्ट बसलीय ती बसलीय, मेक्सिकन घेतली की दोन वर्षांनी मी परत इथंच पोस्ट टाकणार आणि घरात रामायण. प्रश्न या दोनातलाच धरा.

टोन_कमी_व्हॉल्यूम_जास्त

माझ्याकडं पहिल्या आवृत्तीची प्रोफेशनल पाच वर्षं होती, परफॉर्मर भावाकडं आहे, दर रविवारी आलटूनपालटून वाजवतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कोण कुठली ते बघ, नाहीतर नावांत गोंधळ होतो. पूर्वी अमेरिकन स्टँडर्ड असायची, ती बंद करून २०१७ च्या सुरुवातीला प्रोफेशनल आणली. त्याच काळात खाली स्वस्तातली अमेरिकन स्पेशल होती, तिच्या जागी २०१८ संपता संपता परफॉर्मर जाहीर झाली. म्हणजे परफॉर्मर ही "अमेरिकेतली सगळ्यात स्वस्त" या खुर्चीवर बसलेली आणि प्रोफेशनल ही घरातली थोरली. काका सव्वा लाखात थोरली देतायत, तुझ्या डोक्यात घोळ होतोय तो त्यामुळंच.

आता पैसे कुठं वाचवलेत ते. परफॉर्मरला कडक केस नाही, बॅग येते. प्रोफेशनलला मोल्डेड केस होती. हसू नकोस, तुमचं सामान छोटा हत्तीत जात असेल तर हा मोठा फरक आहे, बॅगेतली गिटार आणि तिच्यावर पडलेला माइक स्टँड हे मी डोळ्यांनी बघितलंय. काकांना आधी विचार केस देतायत का, बरेच जण ती वेगळी विकतात.

नट, म्हणजे डोक्यापाशी तारा जिथं टेकतात तो तुकडा. प्रोफेशनलला खऱ्या हाडाचा. नट कशाचा आहे ते ऐकून मला तरी कळत नाही.

ब्रिज. इथं खरा फरक आहे. परफॉर्मरला जुन्या पद्धतीचा सहा स्क्रूंचा ट्रेमोलो (दांडीनं हलवून सूर वरखाली करायचा ब्रिज), दांडी पिळून बसवायची. प्रोफेशनलला दोन खुंट्यांवर तरंगणारा, दांडी दाबली की बसते. दोन खुंट्यांचा मऊ चालतो, वरखाली दोन्हीकडं जातो, पण तरंगता ठेवलास आणि कार्यक्रमात एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर. तुझ्याकडं स्टेजवर दुसरी गिटार नाही म्हणतोस. दोन्हीत उपाय एकच, मागची स्प्रिंग कसून ब्रिज बॉडीला टेकवून टाकायचा.

फ्रेट आणि नेक, म्हणजे मान. माझ्या मते सगळं इथं आहे. परफॉर्मरला जंबो फ्रेट, रुंद. प्रोफेशनलला अरुंद पण उंच. उंच फ्रेटवर बोट हलकं ठेवणाऱ्याची मजा असते, तार बोटाखाली सापडते, बेंड लोण्यासारखा जातो. पण आपल्यातले निम्मे लोक अकूस्टिकवर शिकलेत, दाबून धरायची सवय. दाबलं की सूर वर जातो. मला स्वतःला कॉर्ड चढे का वाजतात हे कळायला तीन महिने गेले, ट्यूनरला शिव्या घालत होतो. नेकचा आकार पण वेगळा, परफॉर्मरचा मॉडर्न सी, प्रोफेशनलचा डीप सी, म्हणजे खांद्याला जरा भरलेला. कुणाला तो हातात भाकरीचा गोळा आल्यासारखा बरोबर बसतो, कुणाचा अंगठा दुखतो. हे कुठल्याही व्हिडिओत कळणार नाही.

पिकअप. परफॉर्मरला योसेमिटी, प्रोफेशनलला व्ही-मॉड. योसेमिटी जरा उजळ. परफॉर्मरच्या टोन नॉबला ग्रीसबकेट नावाचं सर्किट असतं, टोन कमी केला तरी आवाज चिखल होत नाही. प्रोफेशनलला ट्रेबल ब्लीड, व्हॉल्यूम कमी केला तरी धार राहते. मी व्हॉल्यूमशी खेळतो म्हणून मला दुसरं आवडतं. तू प्रोसेसर वापरतोस, तिथं यातलं अर्धंअधिक मिसळून जाईल. एचएसएसचा हंबकर मात्र कामाचा आहे, टोनचा नॉब ओढला की हंबकर दुभागतो, सिंगल कॉइलसारखा वाजतो आणि आवाज फारसा पडत नाही.

थोडक्यात कुठली घ्यावी हे मी सांगणार नाही. पुण्याला जा आणि दोन्ही धर.

एसजी_प्रेमी

मधे तोंड घालतो. त्याच पैशात जुनी गिब्सन एसजी पण बघा की. ती पण अमेरिकन, नॅशव्हिलची, हंबकर दोन, हलकी, १९६१ पासून तोच आकार.

टोन_कमी_व्हॉल्यूम_जास्त

छान गिटार आहे, पण छोटा हत्तीत नाही बाबा. गिब्सनचं डोकं सतरा अंश मागं वळलेलं आणि ट्रस रॉडसाठी (मान सरळ ठेवणारी आतली सळई) नेमकं तिथंच लाकूड कोरलेलं. उभी ठेवलेली मागं पडली की मान मोडते. स्ट्रॅटचं डोकं सरळ आणि नेक चार स्क्रूंवर, पडली तर बहुतेक वेळा फक्त मालकाच्या काळजाचा ठोका चुकतो.

मिरजेचा_जावई

जुनी घेणार असाल तर माझं ऐका, मी पोळलोय.

चार वर्षांपूर्वी एकाकडून "अमेरिकन स्टँडर्ड" घेतली. डोक्यामागं यूएस नंबर, फेंडरच्या साइटवर टाकला तर वर्ष बरोबर. घरी आणून महिनाभरानं वायर सुटली म्हणून पिकगार्ड (पुढची प्लॅस्टिकची पाटी) उघडला तर आत सगळं दुसऱ्याच स्वस्त गिटारीचं, बारीक नॉब, पातळ वायरी. नेक अमेरिकन, बॉडी कुठली तरी. विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. तेव्हा ध्यानात आलं की हल्लीच्या फेंडरवर नंबर असतो तो नेकवर, आणि नेक चार स्क्रूंत सुटतो. म्हणजे नंबरानं नेक कुठला ते कळतं, गिटार कुठली ते नाही. तेव्हा यूएस१७ दिसलं म्हणून नाचायचं नाही, काकांना सांगायचं की पिकगार्ड उघडून बघणार आहे. हो म्हणाले तर माणूस सरळ. कां-कूं केलं तर चहा पिऊन परत या.

दुसरं, नेक बघायची पद्धत. ट्यून करा. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा, तार पट्टीसारखी सरळ होते. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट बघा. पाव मिलिमीटर असावी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल. फटच नसेल किंवा तिथून मुंगी जाईल एवढी असेल तर ट्रस रॉड फिरवून बघायला सांगा, आणि तो फिरतोय, अडकलेला नाही, हे समोर बघा. अडकलेला रॉड असेल तर फुकट दिली तरी नको.

तिसरं फ्रेट. पहिल्या तीन-चार फ्रेटवर पातळ तारांखाली खाचा किती ते नखानं बघा. हलक्या असतील तर घासून निघतात, उंच फ्रेट असल्यानं प्रोफेशनलला घासायला माल पण बऱ्यापैकी आहे. खोल असतील तर सगळे फ्रेट बदलायचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

आणि सोलापूरकरांना खास. तुमच्याकडं एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री आणि हवा कोरडी ठाक. लाकूड आकसतं, फ्रेटची धातूची टोकं आहेत तेवढीच राहतात, मग नेकच्या कडेवरून हात फिरवला की करवतीसारखी लागतात. नव्या गिटारीला हे पहिल्या उन्हाळ्यात होतं, जुनीनं इथले सात-आठ उन्हाळे बघितलेले असतात, जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. नवी घेतलीत तर वर्षभरानं फ्रेटची टोकं घासून घ्यायची तयारी ठेवा, तो दोष नाही, हवामान आहे. आणि कृपा करून दुपारी पत्र्याच्या खोलीत भिंतीला टांगून ठेवू नका.

सेटअप, म्हणजे नेक, ब्रिज, तारांची उंची जुळवून घेणं, हा शब्द आपल्याकडं उगाच परका वाटतो. सासुरवाडी मिरजेला आहे, तिथं सतारीची जवारी काढताना तासतास बसून बघितलंय. घोडीचा माथा कानसीनं अगदी केसभर घासायचा, तार लावायची, ऐकायचं, परत घासायचं. तीच सतार, तोच भोपळा, आणि अर्ध्या तासात आवाज उघडतो. आणि भोपळा बहुतेक तुमच्याच जिल्ह्यातला, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा! तसंच आहे हे. वाईट सेटअपची दोन लाखांची गिटार चांगल्या सेटअपच्या पन्नास हजाराच्या गिटारीपुढं मार खाते. सोलापुरात गिटारचं हे काम करणारा हात माझ्या माहितीत नाही, तेव्हा दोन्हीपैकी कुठलीही घेतलीत तरी पुण्यातच सेटअप करून घेऊन गाडीत बसा.

लूमवाला

सातरस्ता, घर सात रस्त्याला आहे पण तू प्रॅक्टिस कुठं करतोस? कारण मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत राहतो, आजूबाजूला यंत्रमाग, आणि सिंगल कॉइलवाली गिटार लावली की अँपमधून माशांचं मोहोळ उठतं. तिन्ही सिंगल कॉइल घेण्याआधी शंभर वेळा विचार कर.

कारण सोपं आहे. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार, ती गिटारीची तार पकडते तशीच जवळच्या मोटारीची, ट्रान्सफॉर्मरची पन्नास हर्ट्झची गुणगुण पण पकडते, तिला दोन्ही सारखंच. हंबकरमध्ये उलटसुलट दोन कॉइल असतात म्हणून ती गुणगुण एकमेकींत मरते. नावच ते, हम बकर. स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, त्यामुळं पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला शांत. पहिली, तिसरी, पाचवी बोंबलणार.

पैसे द्यायच्या आधी फुकटात एक परीक्षा करून बघ. तुझी स्क्वायर तिन्ही सिंगल कॉइलचीच असेल. जिथं वाजवतोस तिथं लाव, गेन चढव, आणि जागच्या जागी हळूहळू गोल फीर. फिरताना गुणगुण कमीजास्त होत असेल तर ती हवेतनं येतेय, पिकअपचा स्वभाव आहे तो, एचएसएस घे. फिरून फरक पडत नसेल पण तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर शिल्डिंग (गुणगुण अडवणारं गिटारीतलं धातूचं अस्तर) किंवा घरातलं अर्थिंग बघ. आपल्या गावात अर्थिंग या विषयावर कुणी बोलत नाही. मांडवात माइकला ओठ लागल्यावर झटका बसलाय ना कधी? तेच ते.

सातरस्ता_सहातारा

बसलाय!! गेल्या गणपतीत दोनदा. मला वाटायचं माइक खराब.

न्यूजर्सीचा_भाऊ

तुझं कुणी अमेरिकेत आहे का? मी इकडं असतो, दरवर्षी कुणी ना कुणी "येताना गिटार आण" म्हणतं, म्हणून सांगून ठेवतो.

इकडं पाटीवर जी किंमत असते त्यात टॅक्स नसतो. न्यूजर्सीत वर ६.६२५ टक्के, शेजारच्या डेलावेअरमध्ये शून्य, म्हणून लोक गाडी काढून तिकडं जातात. भारतात उतरल्यावर मोफत मर्यादेच्या वरच्या किमतीवर ड्युटी आहे, आणि एवढी लांबलचक केस बेल्टवरून येताना कस्टमवाल्याला दिसत नाही असं समजू नका. रेड चॅनेलनं जा, बिल जवळ ठेवा. हे सगळं धरून किती वाचलं ते मोजलं तर दरवेळी आकडा ऐकलेल्यापेक्षा लहान निघतो, शिवाय इकडच्या गिटारीची वॉरंटी तिकडं चालेल असं धरून चालू नये.

एक मात्र, कुणी अँप पण आणतो म्हणालं तर हात जोडा. इकडं १२० व्होल्ट, तिकडं २३०. गिटारला काय, तिला व्होल्टेज कळत नाही. अँप पहिल्याच दिवशी धूर सोडतो. माझ्या चुलतभावाचा सोडलाय.

कडक_भाकरी

एवढं सगळं कॅलिफोर्नियातनं आणायचं, आणि त्या बोर्डावरचं रोजवूड बऱ्याचदा आपल्याच इकडची शिसव असते बे. इथनं तोडून तिकडं नेतात, पट्टी करून दीड लाखाला परत पाठवतात.

टोन_कमी_व्हॉल्यूम_जास्त

हे मात्र खरं. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय कागदपत्रांची अट आली, म्हणून फेंडरनं मेक्सिकन गिटारींवर पाव फेरो हे दुसरं लाकूड लावायला घेतलं, अमेरिकनवर रोजवूड चालू ठेवलं. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. तरी प्लेअर टू येईपर्यंत मेक्सिकनवर बहुतेक पाव फेरोच राहिलं, म्हणून त्या वर्षांतली मेक्सिकन असेल तर बोर्ड फिकट दिसतो, कुणी डुप्लिकेट म्हणून भाव पाडत असेल तर पाडू देऊ नका.

सातरस्ता_सहातारा

मंडळी, अपडेट. उशीर झाला, मार्चअखेर होतं, अकाउंटवाल्याला मार्चमध्ये जीव नसतो.

आधी लूमवाल्याची परीक्षा केली. रात्री दहाला घरच्या खोलीत गेन चढवून गोल गोल फिरलो, पोरगी दारात उभी राहून हसत होती, बाबा गरबा करतायत म्हणून. फिरून फरक अगदी थोडा. तारांना हात लावला की मात्र निम्मा आवाज गायब. म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्यानं सॉकेट उघडलं आणि मला जवळ बोलावून टॉर्च मारला. वरच्या मोठ्या भोकाला वायरच नव्हती. पितळेची पट्टी कोरी करकरीत, घर बांधल्यापासून तिला कुणी शिवलंच नव्हतं. नऊ वर्षं मी त्या सॉकेटवर वाजवत होतो आणि शिव्या स्क्वायरला घालत होतो. दोन दिवस लागले, मागच्या अंगणात खड्डा, पट्टी, मीठ, कोळसा. आता स्क्वायर एवढी शांत झालीय की बायको म्हणाली मग नवी कशाला.

मग एका रविवारी सकाळच्या हुतात्मानं पुणे. दुकान त्या दिवशी उघडं आहे हे फोन करून विचारलेलं. परफॉर्मर एचएसएस तासभर वाजवली. हंबकर खरंच छान आहे, वरातीच्या गाण्यांना असा धावतो की बस. जंबो फ्रेट पण आवडले, पण रंग एकच शिल्लक होता, माझ्या मनातला नव्हता. पैसे खिशात घेऊन गेलो होतो आणि खरं सांगतो, दुसरी बघायची नसती तर तीच घेऊन आलो असतो.

दुपारी काकांकडं. पिकगार्ड उघडू का विचारलं तर त्यांनीच आतून स्क्रूड्रायव्हर आणला, वर म्हणाले उघडणारा पहिला तूच, बाकीचे फोटो काढून जातात. आत सगळं जागच्या जागी. रॉड फिरतो. कार्ड सरकलं, ते पण काकांच्याच नावाचं. पहिल्या तीन फ्रेटवर खाचा आहेत, हलक्या. केस आहे, आतला मखमली कपडा एका जागी उंदरानं कुरतडलाय.

आणि तो नेक. टोन_कमी यांनी लिहिलेलं तसंच झालं, हातात आला आणि बसला. मी दाबून वाजवणारा आहे हे पण तिथंच कळलं, साधा जी कॉर्ड चढा येत होता, काका म्हणाले अरे एवढा राग कुणावर, हळू. हळू धरला आणि जुळला. एक गाणं वाजवायचं म्हणून सुरू केलं आणि काकूंनी दुसऱ्यांदा चहा आणला तेव्हा घड्याळ बघितलं.

सव्वाचे एक लाख बारा हजार झाले, फ्रेटच्या खाचा दाखवून. गाडीची वेळ जवळ आली होती त्यामुळं सेटअपला त्या दिवशी थांबता आलं नाही, मिरजेचे जावई रागवू नका, पुढच्या फेरीत फ्रेट घासून आणि सेटअप दोन्ही करून घेतो, त्याचे पैसे बाजूला काढलेत. ब्रिज मात्र घरी आल्या आल्या टेकवून टाकला. स्क्वायर विकणार नाही, तार तुटली तर स्पीकरच्या मागं उभी राहील तेवढी जागा कीबोर्डवाल्याशी भांडून मिळवलीय.

घरी पहिल्या पोझिशनला थोडी गुणगुण आहे, पण चालण्यासारखी. खरी परीक्षा स्टेजची. येत्या रविवारी नई जिंदगीत लग्न आहे, जनरेटर आणि लायटिंगवाला एकाच वायरवर असतात तिथं.

लूमवाला

जाताना स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड ने, आणि लायटिंगच्या बोर्डातनं लाइन घेऊ नको, साउंडवाल्याकडनं घे. आणि टेस्टर खिशात ठेव, माइकला ओठ लावायच्या आधी माइकला टेस्टर.